सोळा स्त्रीबीजे, चार भ्रूण, दोन प्रयत्न : एका आयव्हीएफ उपचाराचा प्रकरण अभ्यास

पत्नी ३३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पती ३७, शेती आणि दुधाचा व्यवसाय. राहणार कराडजवळच्या गावात, उपचार पुण्यात. लग्नाला सहा वर्षे झाली, एकदाही गर्भ राहिला नाही. पाळी नियमित, २९ ते ३१ दिवसांची. सोळाव्या वर्षी तिला फुप्फुसाचा टीबी झाला होता आणि औषधांचा कोर्स पूर्ण केला होता. आधीच्या दवाखान्यात चार वेळा आययूआय झाले होते.

हे कुणा एका खऱ्या जोडप्याचे कागदपत्र नव्हे. आपल्याकडच्या केंद्रांत वारंवार दिसणारी परिस्थिती एका जोडप्याच्या रूपात मांडली आहे, आणि आकडे अशा उपचारात नेहमी येतात तसेच घेतले आहेत. या प्रकरणात तीन ठिकाणी थांबावे लागले. तिन्ही वेळा घरच्यांना वाटले की केंद्र वेळ काढते आहे. ते तीन थांबे का आवश्यक होते, हे समजले की आयव्हीएफमध्ये काय अपेक्षित ठेवायचे याचा बराचसा अंदाज येतो.

पहिला थांबा : नळीतले पाणी

चार आययूआय झाले, पण गर्भनलिका उघड्या आहेत का हे कुणी पाहिले नव्हते. आययूआयमध्ये शुक्राणू गर्भाशयात सोडले जातात, पण स्त्रीबीज आणि शुक्राणूंची भेट होते ती नळीतच. दोन्ही नळ्या बंद असतील तर आययूआय दहा वेळा केले तरी उपयोग शून्य. म्हणून पहिल्या आययूआयच्या आधीच नळ्यांची तपासणी मागायला हवी. एचएसजी नावाचा हा एक्स-रे पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काढतात. दहा-पंधरा मिनिटांचे काम असते, पोटात कळा येतात, तासाभरात बाई घरी जाते.

तिच्या एचएसजीत उजवी नळी गर्भाशयाजवळच बंद आढळली. डावी शेवटच्या टोकाला बंद होऊन पाण्याने फुगलेली होती. याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. सोनोग्राफीतही ती लांबट, काळी पोकळी स्पष्ट दिसत होती.

आयव्हीएफमध्ये नळीचे काम प्रयोगशाळेत होते, मग बंद नळीची चिंता कशाला, असा प्रश्न नवऱ्याने विचारला आणि तो रास्त होता. अडचण त्या पाण्याची आहे. ते झिरपत गर्भाशयात उतरते, भ्रूणाला अपायकारक ठरते आणि अस्तराला चिकटू देत नाही. सोनोग्राफीत दिसण्याइतकी फुगलेली नळी तशीच ठेवली तर आयव्हीएफचे यश जवळपास निम्म्यावर येते. म्हणून आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून ती नळी काढतात, किंवा चिकटे (आतले भाग एकमेकांना चिकटून बसणे) फार असतील तर गर्भाशयाजवळ क्लिप लावून बंद करतात. नळी काढताना सर्जनने नळीला अगदी लागून कापावे लागते, कारण बीजांडकोशाचा काही रक्तपुरवठा तिथूनच जातो.

टीबीचा इतिहास असल्यामुळे त्याच वेळी गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेऊन तो सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी), कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि पॅथॉलॉजी अशा तिन्हींसाठी पाठवला. कल्चरचा अहवाल यायला सहा ते आठ आठवडे लागतात. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा टीबी हे मोठे कारण आहे. मात्र त्याची उलट बाजूही पाहायला मिळते : नुसता पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारा अहवाल) पॉझिटिव्ह आला एवढ्यावरून सहा महिन्यांची औषधे सुरू करतात. दुर्बिणीत काय दिसले आणि बाकीचे अहवाल काय सांगतात, हे जोडून पाहिल्याशिवाय तसे करू नये. इथे जुने चिकटे दिसले, सक्रिय टीबीची खूण कुठेही नव्हती, तिन्ही अहवाल निगेटिव्ह आले. अडीच महिने गेले. सासूबाईंना हा वेळ वाया गेला असे वाटले. खरे पाहता पुढचे सगळे भ्रूण वाचवण्याचे काम याच अडीच महिन्यांत झाले.

त्याच काळात बाकीच्या तपासण्या उरकल्या. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे एएमएच ४.८, पाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना मिळून २२ लहान बीजकोश (बीज ज्यात वाढते त्या पाण्याच्या पिशव्या), म्हणजे साठा भरपूर. थायरॉइडची तपासणी टीएसएच ४.१ होती, ती गोळीने अडीचच्या खाली आणली. रुबेलाची प्रतिकारशक्ती नव्हती. लस देऊन त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते, ती मुदत आपोआपच भरली. दोघांची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि व्हीडीआरएल तपासणी झाली. थॅलेसेमियासाठी एचबी इलेक्ट्रोफोरेसिस झाले. फोलिक अॅसिड सुरू झाले.

नवऱ्याचा वीर्य अहवाल : प्रमाण १.८ मिली, प्रति मिली २ कोटी ८० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३६ टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालच्या मर्यादा अनुक्रमे १.४ मिली, १ कोटी ६० लाख, ३० टक्के आणि ४ टक्के अशा आहेत. म्हणजे अहवाल मर्यादेत बसतो.

कागद

सहायक जननतंत्र कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीपत्र पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. प्रत्येक टप्प्यावर दोघांची लेखी संमती लागते. गर्भलिंग निवड हा गुन्हा आहे, भ्रूणाच्या पातळीवरसुद्धा. गोठवलेले भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतात.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात काय धरलेले नाही ते आवर्जून विचारावे. खासगी केंद्रात एका चक्राला साधारण दीड ते अडीच लाख रुपये सांगतात, पण इंजेक्शने, भूल, भ्रूण गोठवणे, दरवर्षीचे साठवण शुल्क आणि गोठवलेला भ्रूण सोडण्याचे वेगळे पैसे यांतले काय त्यात आले आणि काय बाहेर राहिले, यावरून शेवटचा आकडा ठरतो. दुसरा प्रयत्न करावा लागेल असे धरूनच पैशांची तजवीज करावी. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून ही सेवा मोफत सुरू झाली आहे.

इंजेक्शनचे दहा दिवस

पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. गाठ नाही, अस्तर पातळ, म्हणून त्याच संध्याकाळी बीजकोश वाढवणाऱ्या एफएसएच संप्रेरकाचे पहिले इंजेक्शन दिले. डोस १५० युनिट. एएमएच एवढे असताना २२५ किंवा ३०० दिले तर बीजे जास्त मिळतील असे वाटते, पण त्यातून बीजांडकोश अतिउत्तेजित होण्याचा धोका मात्र नक्की वाढतो.

इंजेक्शन बेंबीपासून दोन बोटे सोडून पोटाच्या चरबीत, रोज एकाच वेळी. पेन फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवायचे. गावी नेताना बहुतेकांची चूक होते ती बर्फाची. थर्मासमध्ये औषध थेट बर्फाला टेकले तर ते गोठते, आणि गोठलेले एफएसएच वितळल्यावर दिसायला तसेच दिसले तरी वापरायचे नसते. बर्फाच्या पिशवीभोवती टॉवेल गुंडाळून त्यावर औषध ठेवले की काम होते. दुसरी चूक पेन घाईने काढण्याची. बटण पूर्ण दाबल्यावर सुई दहापर्यंत मोजून मग काढायची, नाहीतर शेवटचे थेंब बाहेरच राहतात.

कराड ते पुणे रोज शक्य नव्हते. सहाव्या दिवसाची सोनोग्राफी कराडमध्येच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे केली आणि मापे फोनवर पुण्याला कळवली. आठव्या दिवसापासून ती पुण्यात नातेवाइकांकडे राहिली. ही व्यवस्था आधी बोलून ठेवली तर चालते. मात्र शेवटच्या दोन सोनोग्राफी बीजे काढणाऱ्या केंद्रातच व्हाव्यात, कारण मापातला एक-दोन मिलिमीटरचा फरक निर्णय बदलतो.

सहाव्या दिवशी मोठे बीजकोश १२-१३ मिमी होते. त्या सकाळपासून सेट्रोरेलिक्स ०.२५ मिग्रॅ रोज सुरू केले. बीजे वेळेआधी फुटून निसटू नयेत म्हणून हे इंजेक्शन असते. ते चुकले तर दहा दिवसांची मेहनत एका रात्रीत जाऊ शकते. दहाव्या दिवशी चार बीजकोश १८ मिमीच्या पुढे गेले होते. ११ मिमीपेक्षा मोठे एकूण २१. बीजकोशांत तयार होणारे संप्रेरक इस्ट्राडायोल ४,३००.

ट्रिगर : घड्याळाशी बांधलेले एक इंजेक्शन

बीजांची शेवटची पक्वता घडवणारे हे इंजेक्शन. त्यानंतर ३४ ते ३६ तासांत बीजे काढावी लागतात. लवकर काढली तर कच्ची मिळतात किंवा कोशाच्या भिंतीपासून सुटतच नाहीत. उशीर झाला तर फुटून गेलेली असतात. तिला दहाव्या दिवशी रात्री दहाला इंजेक्शन आणि बाराव्या दिवशी सकाळी साडेनऊला प्रक्रिया, म्हणजे साडेपस्तीस तास.

‘१४ तारखेला रात्री बारा वाजता’ अशी सूचना कागदावर कधीही मान्य करू नये. १३ची रात्र संपताना की १४ची, यात गोंधळ होतो आणि चोवीस तासांची चूक घडते. वार, तारीख आणि ‘रात्री १०’ असे लिहून घ्यावे. इंजेक्शन दिल्याबरोबर रिकाम्या सिरिंजचा फोटो वेळेसह केंद्राला पाठवावा. चूक झालीच तर लपवू नये. लगेच फोन केला तर प्रक्रियेची वेळ सरकवता येते, शस्त्रक्रियागृहात कळले तर हातात काहीच उरत नाही.

बीजकोश २१ आणि इस्ट्राडायोल एवढे असताना नेहमीचे एचसीजी (गरोदरपणातले संप्रेरक) दिले नाही. त्याऐवजी ट्रिप्टोरेलिन ०.२ मिग्रॅ दिले. एचसीजी शरीरात कितीतरी दिवस राहते आणि फुगलेल्या बीजांडकोशांना चिथावत राहते. ट्रिप्टोरेलिनने बीज पक्व करून सोडणारे शरीराचे स्वतःचे एलएच संप्रेरक उसळते आणि दीड-एक दिवसात ओसरते. दुसऱ्या सकाळी रक्तातले एलएच ५८ आले, म्हणजे इंजेक्शन लागू पडले. हे १५च्या खाली असते तर बीजे न मिळण्याची भीती होती आणि त्याच दिवशी एचसीजी देऊन वेळ पुन्हा आखावी लागली असती.

गळती

बाराव्या दिवशी सकाळी, सहा तास उपाशीपोटी, भूल देऊन योनीमार्गे सुईने बीजे काढली. वीस मिनिटे लागली. नवऱ्याने तिथेच नमुना दिला. त्या दिवशीच्या ताणाने अनेक पुरुषांना नमुना देता येत नाही. तशी शंका असेल तर आठवडाभर आधी एक नमुना गोठवून ठेवावा. त्यात लाज कसली!

यापुढचे आकडे जोडप्याने पहिल्याच भेटीत ऐकलेले असावेत. २१ बीजकोशांतून १६ बीजे मिळाली. प्रत्येक कोशात बीज हाती लागतेच असे नाही. १६पैकी पक्व १३. दुसऱ्या दिवशी, १६ ते १८ तासांनी पाहिले तेव्हा नीट फळलेली ९. एकात दोनऐवजी तीन केंद्रके दिसली, ते बाजूला काढले. तिसऱ्या दिवशी ८ भ्रूण वाढत होते. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (गर्भाशयात रुजण्याइतका वाढलेला भ्रूण) झाले २, सहाव्या दिवशी आणखी २. बाकीचे मधेच थांबले.

सोळावरून चार. ज्याला हे आधी सांगितलेले नसते त्याला प्रयोगशाळेत काहीतरी बिघडले असेच वाटते. इथे काहीच बिघडले नव्हते, ही चांगली गळती आहे. एएमएच १ असलेल्या स्त्रीकडे पाच बीजांपासून हीच चाळणी सुरू होते आणि शेवटी एखादाच भ्रूण राहतो, किंवा एकही नाही. प्रयोगशाळेचा रोजचा फोन घ्यायचा की फक्त पाचव्या दिवशी एकदाच, हे जोडप्याने आधी ठरवावे. रोज कमी होणारा आकडा ऐकणे सगळ्यांना झेपत नाही.

इक्सी केली नाही. शुक्राणू मर्यादेत असताना प्रत्येक बीजात एकेक शुक्राणू सुईने टोचण्याने बाळ होण्याची शक्यता वाढत नाही, खर्च वाढतो. एकही बीज न फळण्याचा थोडासा धोका साध्या पद्धतीत असतो. तो सांगून, दोघांची संमती घेऊन साधी पद्धत ठेवली. काही केंद्रे सरसकट इक्सी करतात. का, ते विचारावे.

दुसरा थांबा : सगळे गोठवा

चौघेही भ्रूण गोठवले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. ‘ताजा भ्रूण’ लगेच सोडावा असा घरचा आग्रह होता, कारण रजा मंजूर होती आणि सगळे तयार होते. पण त्या महिन्यात गर्भ राहिला असता तर गर्भाचे स्वतःचे एचसीजी बीजांडकोशांना पुन्हा फुगवत गेले असते. पोटात पाणी, रक्त घट्ट होणे, इस्पितळात दाखल होणे, इथवर गोष्ट जाऊ शकते. शिवाय ट्रिप्टोरेलिन ट्रिगरनंतर अस्तराला पुरेसा आधारही मिळत नाही. आजच्या गोठवण्याच्या पद्धतीत शंभरातले पंचाण्णवहून जास्त ब्लास्टोसिस्ट सुखरूप बाहेर येतात, त्यामुळे थांबण्याची किंमत महिना-दीड महिना, एवढीच.

पुढचे आठ दिवस तिला पोट फुगल्यासारखे वाटले. रोज सकाळी वजन आणि दिवसभरातली लघवी लिहून ठेवायला सांगितले. एका दिवसात किलोभर वजन वाढले, लघवी कमी झाली, उलट्या किंवा धाप लागली तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. तशी वेळ आली नाही.

पहिला भ्रूण

पुढच्या पाळीपासून इस्ट्राडायोल व्हॅलरेट २ मिग्रॅ दिवसातून तीनदा. बाराव्या दिवशी अस्तर ६.४ मिमीच होते. डोस चार गोळ्यांवर नेला, पंधराव्या दिवशी ८.२ मिमी, तीन पदरी. मग योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन ४०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, आणि प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी भ्रूण सोडला. भ्रूण पाच दिवसांचा, म्हणून अस्तरही पाच दिवसांचे असावे लागते. इथे एक मात्रा विसरली किंवा एक दिवस आधी सुरू झाली तर तारीख बदलावी लागते, म्हणून पहिल्या मात्रेची वेळ लिहून ठेवायची.

मूत्राशय भरलेले, पोटावर सोनोग्राफी, बारीक नळीने पाच मिनिटांत काम होते. भूल लागत नाही. सोडला एकच भ्रूण, सर्वांत चांगला. “मॅडम, दोन सोडा ना, जुळे झाले तर बरेच,” ही विनंती जवळजवळ प्रत्येक घरातून येते. जुळ्यांत वेळेआधी प्रसूती, कमी वजन, आईचा रक्तदाब हे सगळे धोके वाढतात, आणि हातात चार चांगले भ्रूण असताना एकामागून एक सोडून एकूण संधी तेवढीच मिळते. त्यानंतर ती अर्ध्या तासात उठली. चौदा दिवस झोपून राहण्याने काही साधत नाही. तिने दोन दिवस घेतले आणि शाळेत गेली.

अकराव्या दिवशी गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ततपासणी, बीटा एचसीजी, २पेक्षा कमी. निगेटिव्ह.

तेहतीसाव्या वर्षी दिसायला उत्तम अशा ब्लास्टोसिस्टपैकीही साधारण एक-तृतीयांशांत गुणसूत्रांची गडबड असते, आणि एका चांगल्या भ्रूणामागे यशाची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपासच असते. ही शक्यता तिने काही खाल्ल्याने, जिना चढल्याने किंवा वर्गात उभे राहिल्याने कमी झाली नाही. हे तिला तीन वेळा सांगावे लागले, आणि सासूबाईंना समोर बसवून एकदा. दोष शोधणारे घर असेल तर हे सांगणेही उपचारच आहे.

तिसरा थांबा

नवऱ्याला पुढच्याच पाळीत दुसरा भ्रूण सोडायचा होता. एक महिना थांबवले, आणि त्या महिन्यात काय करायचे नाही हेही ठरवले. पहिल्या अपयशानंतर ईआरए (अस्तराची भ्रूण घेण्याची वेळ शोधणारी) तपासणी, इंट्रालिपिड (शिरेतून दिले जाणारे चरबीयुक्त द्रव), स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी इंजेक्शने अशी यादी पुढे येऊ लागते. एका अपयशावरून यांतले काहीच लागत नाही. फक्त दुर्बिणीतून गर्भाशय आतून पाहिले, कारण जुन्या टीबीनंतर आत चिकटे असू शकतात आणि अस्तर पहिल्यांदा मंद वाढले होते. डाव्या कोपऱ्यात एक पातळ चिकटा होता, तो सोडवला.

दुसऱ्या वेळी गोळ्यांऐवजी नैसर्गिक चक्र घेतले. पाळी नियमित असल्यामुळे ते जमले. तिचा बीजकोश १८ मिमी झाला, अस्तर ९.१ मिमी. एचसीजी इंजेक्शन दिले आणि सातव्या दिवशी भ्रूण सोडला. नैसर्गिक चक्रात बीज फुटलेल्या जागी शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवते, आणि पुढे गरोदरपणात रक्तदाबाचा त्रासही तुलनेने कमी दिसतो. गैरसोय एवढीच की तारीख शरीर ठरवते. यासाठी तिला पुण्याला तीन फेऱ्या जास्त पडल्या आणि एक रविवारी पडली.

अकराव्या दिवशी बीटा एचसीजी २१२, अठ्ठेचाळीस तासांनी ४५५. घरी लघवीची तपासणी लवकर करू नये असे सांगितले होते, कारण एचसीजी इंजेक्शनचा अंश दहा-बारा दिवसांपर्यंत खोटी रेघ दाखवू शकतो. रक्ताचा एक आकडाही पुरेसा नसतो, दोन दिवसांत तो जवळपास दुप्पट व्हावा लागतो.

भ्रूण सोडल्यानंतर चार आठवड्यांनी, म्हणजे गर्भ ६ आठवडे ५ दिवसांचा असताना (ब्लास्टोसिस्ट सोडला त्या दिवशी २ आठवडे ५ दिवस धरतात) सोनोग्राफी झाली. पहिले पाहायचे ते गर्भ पिशवीतच आहे ना. डावी नळी काढली असली तरी उजवी अजून जागेवर होती, आणि आयव्हीएफनंतरही शंभरात एक-दोन वेळा गर्भ नळीत रुजतो. एका बाजूला असह्य पोटदुखी किंवा चक्कर आली तर पुण्याची वाट न धरता कराडमध्येच दाखल व्हायचे, असे तिला आधीच सांगून ठेवले होते. गर्भ गर्भाशयात होता, एकच, ठोके मिनिटाला १२४.

दहाव्या आठवड्यात आधाराला चालू असलेले प्रोजेस्टेरॉन बंद करून तिची फाइल कराडच्या डॉक्टरांकडे दिली. त्याच भेटीत आणखी एक कागद समोर ठेवला : सहाव्या दिवसाचे दोन भ्रूण टाकीत शिल्लक आहेत, साठवण पुढच्या वर्षापर्यंत भरलेली आहे, त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण. ठेवायचे, टाकून द्यायचे, की संशोधनाला द्यायचे, आणि दोघांपैकी एकाचे काही बरेवाईट झाले तर काय, यावर दोघांच्या सह्या लागतात. त्यांनी ‘ठेवायचे’वर खूण केली आणि नूतनीकरणाची तारीख नवऱ्याने दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतली.